जयसिंगरावांच्या पाठीला सोसेल अशी गादी

बडोदे,
शनिवार, २० डिसेंबर

ती. जयसिंगराव मोहिते यांस,

मांजलपूरहून बाळकृष्णाचा नमस्कार पावावा. तुम्ही माझ्याहून अकरा महिन्यांनीच मोठे, त्यामुळे ‘तीर्थस्वरूप’ लिहिताना हात जरा अडखळतो. पण कंपनीच्या बसमध्ये खिडकीची जागा तुम्ही याच अकरा महिन्यांच्या जोरावर एकतीस वर्षं घेतलीत, तेव्हा मानही घ्या. आम्ही सगळे इकडे ठीक आहोत म्हणजे रोजच्याइतकेच आहोत. शालिनीचे गुडघे थंडीमुळे दुखतात आणि माझं तोंड तिच्या मते बारा महिने दुखतं. तुमची तब्येत कशी आहे हे विचारायची रीत आहे म्हणून विचारतो, खरं म्हणजे ती मला चि. अनुजकडून कळत असते. तुम्हाला विचारलं की तुम्ही ‘आवाज तुटतोय’ म्हणता आणि फोन त्याच्या हातात देता. साताऱ्याला आवाज एवढा तुटत असेल तर तिथली माणसं एकमेकांशी बोलतात कशी याचं मला नवल वाटतं. म्हणून हे पत्र. कागद तुटत नाही.

दिवाळीला तुमचा निरोप आला की यंदा जानेवारीत जांबुघोड्याला यायला जमणार नाही, कारण ‘पाठीला आता जमीन सोसत नाही’. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, बरं, काळजी घ्या. पण माझी सगळी नोकरी मकरपुऱ्याच्या कारखान्यात माल तपासण्यात गेली. कोणी ‘सोसत नाही’ म्हटलं की माझ्या डोक्यात पहिला प्रश्न येतो : किती सोसत नाही, कुठे सोसत नाही, आणि सोसण्यासाठी काय घालावं लागेल. आपण तिघांनी तेवीस हिवाळे जांबुघोड्याच्या त्या तळ्याकाठी तंबू ठोकला. पहिल्या वर्षी ताडपत्री, तिच्यावर पेंढा आणि पेंढ्यावर तुमच्या घरची सतरंजी. (त्या पेंढ्यात गोचीड होते. ते मात्र तुम्हाला सोसले होते.) चाळिशीला पातळ फोम आला, पन्नाशीला फोमवर फोम. वय वाढतं तशी जमीन कडक होत जाते, हे काही तुम्ही नवीन सांगितलेलं नाही. मग मी ठरवलं की हा निव्वळ गादीचा प्रश्न आहे. तो सुटला की तुम्हाला यायला हरकत उरणार नाही. माझ्या या विचारातली खोट शालिनीने त्याच दिवशी दाखवली होती, पण ती मी पत्रात पुढे सांगेन, कारण तेव्हा मी तिचं ऐकलं नाही.

सुरुवात मांडवीपासून केली. तिथे धवलभाई म्हणून एकाचं गाद्यांचं दुकान आहे, बापाच्या काळी कापूस पिंजून देत, आता फोमच्या गुंडाळ्या विकतो. त्याने जाडी विचारली, ‘काका, केटला एमएम?’ मी म्हटलं, ते झोपल्याशिवाय कसं कळणार. तो भला माणूस, त्याने दुकानातच दहा, वीस आणि तीस मिलिमीटरचे तुकडे एकाशेजारी एक अंथरून दिले. मी खिशातून घड्याळ काढून उशाशी ठेवलं आणि तुम्ही झोपता तसा डाव्या कुशीवर झोपलो, गालाखाली हात घेऊन. (तुम्ही असेच झोपता. आणि कुशीवर झोपणाऱ्याची हीच अडचण असते. पाठीवर झोपणाऱ्याचं ओझं सगळीकडे पसरतं, कुशीवर झोपणाऱ्याचं खांदा आणि कंबर या दोनच ठिकाणी रुततं. म्हणून त्याला जाडी जास्त लागते. हे मला वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी कळलं.) एवढ्यात एक लग्नघरचं कुटुंब रुखवताच्या गाद्या बघायला आलं. त्यातल्या एका मावशींनी खाली वाकून मला आदराने विचारलं की भाई, गादी कशी आहे. त्यांना वाटलं असावं की दुकानदाराने माणूस नमुन्यासाठी ठेवलाय. मी खोटं बोलू शकत नाही. मी सांगितलं की सातव्या मिनिटाला खांदा बधिर होतो, बाराव्याला हाताची करंगळी, आणि मला ही गादी कुणा नव्या संसाराला द्यावीशी वाटणार नाही. ती मंडळी काही न घेता गेली. धवलभाई माझ्यावर ओरडला नाही. त्याने फक्त मला एक खुर्ची आणून दिली आणि म्हणाला, काका, आता इथे बसा. त्याच्या त्या समजूतदारपणाने मला दिवसभर उदास वाटलं.

मग आमच्या पीयूषने फोनवरून हवेची गादी मागवली. मुलगा माझा गुणी आहे, पण त्याचा सगळा विश्वास फोनवर. गादी आली, पायाने दाबायचा पंप आला, आणि ती फुगवल्यावर आमच्या बैठकीच्या खोलीत माणसांना जागा उरली नाही. झोपाळ्यावर बसून पाय वर घेतले तरच पलीकडे जाता येई. एक दिवस आम्ही तसेच राहिलो, मग मी ती गच्चीवर नेली. आता तपासणीचा नियम असा की माल ज्याच्यासाठी, ओझं त्याचंच घालायचं. तुमचं वजन अनुजने चौऱ्याण्णव किलो सांगितलं. (तो दोन किलो कमी सांगतोय असा मला संशय आहे.) मी वर गव्हाची पन्नासाची गोणी नेली, तांदळाची पंचविसाची नेली, उरलेल्या एकोणिसासाठी गॅसचा रिकामा सिलिंडर आणि वर पाटा-वरवंट्यातला वरवंटा. गोणी छातीच्या जागी, तांदूळ कमरेला, सिलिंडर डोक्याशी. दव पडून गहू खराब होऊ नये म्हणून शालिनीने सगळ्यावर एक पांढरी चादर घालायला लावली आणि कडेने वारा शिरू नये म्हणून मी ती नीट खोचून घेतली. सकाळी पाहतो तो गादीतली हवा गेलेली आणि तुम्ही, म्हणजे गोणी, फरशीला टेकलेले. मी तसाच खाली साबणाचं पाणी करायला गेलो, भोक शोधायला. तेवढ्यात समोरच्या गच्चीवर सूर्याला पाणी घालायला आलेल्या काकांनी आमच्या गच्चीकडे पाहिलं. ते सज्जन आहेत. मला हाक मारून दुखवण्यापेक्षा त्यांनी पीयूषला ऑफिसात फोन केला आणि हळू आवाजात न्यायची वेळ विचारली, ‘बेटा, केटला वागे काढवाना छे?’ पीयूष मोटरसायकल घेऊन मकरपुऱ्याहून निघाला तो थेट घरी. मी गच्चीवर साबणाच्या फेसात बसलेला पाहून तो जिन्यातच बसला. त्या दिवशी सोसायटीतले चार जण पांढरे कपडे घालून आले होते. परत जाताना त्यांच्या तोंडावर थोडी निराशा होती असं मला वाटलं, पण तो माझा स्वभाव असेल.

भोक नव्हतंच, झाकण सैल होतं. ते बसवून मी स्वतः एक रात्र त्या गादीवर काढली. तिचा खरा दोष तेव्हा कळला. मऊ आहे, पण आतली हवा बाहेरच्या थंडीएवढीच थंड होते आणि रात्रभर तुमच्या पाठीखाली फिरत राहते. वरून दोन रजया घेऊन उपयोग नाही, थंडी खालून येते. तळ्याकाठी तर विचारूच नका. ती गादी पीयूषच्या मित्राने नेली, त्यांच्या मुलांच्या खेळायला.

यानंतर घडीचा पलंग. जुन्या बाजारात मिळाला, लोखंडी चौकट, वर जाड कापड, लष्करी दिसणारा. आपल्या सगळ्यांचे पणजे गायकवाड महाराजांच्या फौजेत होते, मला वाटलं, पलंग रक्ताला ओळखेल. जमिनीशी संबंधच नाही म्हटल्यावर थंडीही नाही आणि दगडही नाहीत. दुपारी गच्चीवर उघडला, मधोमध आडवा झालो, सुख वाटलं. मग तुमच्यासारखा डाव्या कुशीला वळलो आणि पायाकडची घडी मिटली, ती मिटताना डोक्याकडचीही मिटली. अडकित्त्यात सुपारी सापडावी तसा मी सापडलो. गुडघे छातीशी आणि नाक कापडाला. मी ओरडलो नाही, कारण सांध्याचा कुठला रिपीट, म्हणजे ठोकलेला खिळा, निसटला ते मला आतूनच दिसत होतं आणि ते मी नीट पाहून घेत होतो. थोड्या वेळाने शालिनी वर आली. मला तिच्या चपला ऐकू आल्या. तिने दोरीवरचे सगळे कपडे काढले, झटकले, घड्या केल्या. मग म्हणाली की चहा टाकतेय, खाली येणार की इथेच आणू. तिला वाटलं हीसुद्धा तपासणीच. चौतीस वर्षांच्या संसारात माणूस कशाकशाला सरावतो! मला बाहेर काढल्यावर ती पलंगाच्या कडेला बसली आणि पुन्हा तेच म्हणाली, जे दिवाळीत म्हणाली होती, की जयसिंगभाऊजींच्या पाठीला काही झालेलं नाही, त्यांना तिथे यायचं नाही. तुम्ही बोलून का टाकत नाही? मी म्हटलं, रिपीट बदलून बघतो.

शेवटी मिळाली ती गादी धवलभाईकडेच. (मी पुन्हा गेलो तेव्हा त्याने आधी खुर्ची दिली, मग नमस्कार केला.) आत फोम आणि फोमभोवती हवाबंद पिशवी. तोंड उघडून ठेवलं की फोम उमलतो आणि हवा आपोआप आत ओढून घेतो, वर दोन फुंकरा मारल्या की पुरे. जाडी तीन इंच. हवेमुळे मऊ आणि फोममुळे थंडी अडते. खाली जुना पातळ फोम अंथरला तर बारीक खडेही लागत नाहीत. मी पाच दुपारी तिच्यावर झोपलो, पाचही दुपारी झोप लागली. खांदा ठीक, कंबर ठीक, करंगळी ठीक. तुमच्या ओझ्यानेही पाहिलं, या वेळी चादर न घालता. ओझं फरशीला टेकलं नाही. तेव्हा माझ्या तपासणीप्रमाणे तुमची अडचण दूर झाली आहे, आणि हे मी तुम्हाला आनंदाने लिहायला हवं होतं. पण पाचव्या दुपारी जाग आली तेव्हा मला फार वाईट वाटत होतं. म्हणजे गादी इतकी चांगली होती की आता माझ्याजवळ शोधायला काही उरलं नव्हतं.

सगळे पर्याय पाहिले असं मी म्हणतो, पण झाडाला बांधायच्या झोळीचा विचार मी केला नाही. धवलभाईने दाखवली होती. म्हणाला, आता सगळे तरुण हीच नेतात. मी नको म्हटलं आणि दुकानाबाहेर येऊन उभा राहिलो. भास्कररावांना त्या सकाळी आपण तंबूपासून गाडीपर्यंत चादरीच्या झोळीतून नेलं. डोक्याकडची दोन टोकं तुमच्या हातात होती.

जयसिंगराव, आपण हे कधी बोललो नाही. येत्या महिन्यात दोन वर्षं होतील. गेल्या वर्षी वर्ष पुरं झालं नव्हतं म्हणून गेलो नाही, त्याबरोबर बोलायची वेळही टळली. आता मी लिहितोच, चुकलं तर वाचून फाडून टाका. त्या संध्याकाळी जेवण झाल्यावर भास्करराव म्हणाले की पाठीत, दोन्ही खांद्यांच्या मध्ये, दुखतंय. तुम्ही म्हणालात, गादी बदला आता, स्टोअरकीपर असून स्वतःला माल कधी चांगला काढला नाहीत. ते हसले. मी त्यांच्या गादीवर गुडघे टेकून बसलो, अंगठ्याने ती ठिकठिकाणी दाबून पाहिली आणि निकाल दिला की फोम मेलेला आहे, म्हणून दुखतंय. मला आठवतं, मी तो निकाल फार खात्रीने दिला होता. मग आपण दोघांनी आपापली एकेक रजई त्यांच्या खाली घातली. ते म्हणाले, बास, आता गायकवाड सरकारचा पलंग झाला. आडवे झाले. सकाळी मी चहा केला आणि त्यांना तीन वेळा हाक मारली.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी विचारलं की आदल्या दिवशी छातीत, पाठीत, हातात काही दुखत असल्याचं बोलले होते का. मी ‘नाही’ म्हटलं. तुम्ही माझ्या शेजारी उभे होतात. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि काही बोलला नाहीत. तेवढंच. त्यानंतर चार महिन्यांत तुम्ही इथलं घर आवरून साताऱ्याला अनुजकडे गेलात. स्टेशनवर मी आलो होतो, तेव्हा आपण डब्यात पाणी गरम मिळतं की नाही यावर बोललो. उभा जन्म मी माल नापास केला, जयसिंगराव. माझ्या हातून वाईट पुर्जा कधी बाहेर गेला नाही याचा मला गर्व होता. आणि ज्या एका वेळी नापास करायला हवं होतं ते मला कळलं नाही, मी दोष गादीला दिला. आता मी ही तीन इंची गादी का शोधत होतो ते तुम्हाला सांगतो, शालिनीलाही सांगितलेलं नाही. गादी चांगली असली, आणि तिच्यावर झोपूनही कुणाची पाठ दुखली, तर ती पाठच दुखतेय एवढं तरी कळेल. गादीवर ढकलता येणार नाही.

बाकी बडोद्यात विशेष काही नाही. थंडी यंदा उशिरा पडली. पोरं आतापासूनच पतंग उडवायला लागली आहेत आणि आमच्या गच्चीवर कापलेल्या दोऱ्यांचा गुंता पडलेला असतो. चि. अनुजला आशीर्वाद, सूनबाईंना आशीर्वाद. तुम्ही डाव्या कुशीवर झोपता ते हृदयाला बरं नसतं असं पीयूष फोनवर वाचून सांगतो, पण त्याच्या फोनवर उजव्या कुशीचंही तसंच लिहिलेलं असतं, तेव्हा तुम्हाला हवं तसं झोपा. राग मानू नये. उत्तर लिहायचा कंटाळा आला तर निदान आवाज तुटू देऊ नका.

तुमचा,
बाळकृष्ण

ता. क. : गादीची गुंडाळी पावाच्या लादीएवढी होते, गाडीत अडचण नाही. तुम्हाला तिथून काहीही आणावं लागणार नाही. उशी मात्र स्वतःची आणा, उशीची तपासणी मी केलेली नाही आणि आता करायची ताकद नाही.

ता. क. दुसरा : हे पत्र गादीसाठी लिहिलं असं मी वर दाखवलं आहे, ते अर्धं खोटं आहे. गेल्या रविवारी दांडिया बाजारातून भास्कररावांच्या चिमणावहिनी आमच्याकडे आल्या होत्या. झोपाळ्यावर बसल्या, शालिनीशी भाज्यांच्या गोष्टी केल्या, आणि ती आत गेल्यावर मला म्हणाल्या की यंदा तुम्ही दोघं जाल तेव्हा मलाही न्या. जिथे हे गेले ती जागा मी पाहिलेली नाही. एक रात्र तिथे राहायचं आहे. मी बरं म्हटलं. मग त्यांनी विचारलं, “त्या रात्री ह्यांना काही होत होतं का हो?” मी म्हटलं, “नाही वहिनी. हसत बोलत झोपले.” त्या पायाने झोपाळा थांबवून म्हणाल्या, “जयसिंगभाऊजीपण हेच म्हणाले होते. हसत बोलत झोपले. अगदी हेच शब्द.” आपण दोघांनी कधी ठरवलं नव्हतं, तरी शब्द सारखे निघाले. आपण खोटं बोलतोय हे त्यांना त्या सारखेपणावरूनच कळलं असेल. तेव्हा खरी विनंती ही, की तुम्ही या. मला त्यांना एकट्याने सांगता येणार नाही. बोलेन मी. तुम्ही नुसते बसा.

ता. क. तिसरा, मंगळवार, २३ डिसेंबर : पत्र पाकिटात घालून तीन दिवस माझ्या खिशात राहिलं. आज सकाळी खंडेराव मार्केटमध्ये भाजी घेत होतो, तिथून दांडिया बाजार किती लांब आहे? पाय तिकडे वळले. तुम्हाला बोलावून, तुमची वाट न पाहता मी सांगून टाकलं, याबद्दल क्षमा असावी.

चिमणावहिनी मेथी निवडत होत्या. मी सगळं सांगितलं, खांद्यांच्या मध्ये दुखत होतं ते, तुमचं बोलणं, माझा अंगठा, फोम मेलेला आहे हे, आणि डॉक्टरांना ‘नाही’ म्हटलं तेही. त्यांनी मान वर केली नाही. मग म्हणाल्या, “मला ठाऊक आहे, भाऊजी. ह्यांचा मला फोन आला होता. खाली रेंज येत नाही म्हणून बांधावर चढून केला. पाठ दुखते म्हणाले. मी म्हटलं, त्या पातळ गादीवर दुखेल नाही तर काय. गोळी घ्या आणि झोपा.” जराशाने म्हणाल्या, “मी म्हटलं असं. दोन वर्षं मी हेच समजत होते की तुम्हा दोघांना त्यांनी काही सांगितलंच नसणार. फक्त मलाच सांगितलं, आणि मी झोपा म्हटलं.”

म्हणून त्यांना तिथे जायचं होतं. आपल्याला विचारायला नव्हे, आपल्याला सांगायला. भास्कररावांनी त्या संध्याकाळी तीन माणसांना सांगितलं आणि तिघांनीही गादीचं नाव घेतलं. यात समाधान मानावं असं काही आहे का, हे मी घरी येईपर्यंत शोधत होतो. सापडलं नाही. पण मी निघालो तेव्हा त्यांनी अर्धी निवडलेली मेथी माझ्या पिशवीत घातली आणि म्हणाल्या की शालिनीला सांगा, भाकरीबरोबर करा. आणि घरी येऊन मी दुपारी साध्या सतरंजीवर झोपलो, चार वाजेपर्यंत. शालिनीला चौकशी करायला दोनदा यावं लागलं.

जायची तारीख उत्तरायणानंतरचा शनिवार, म्हणजे १७ जानेवारी, अशी आमच्या दोघांत ठरते आहे. जयसिंगभाऊजींना तेव्हा जमेल का, असं चिमणावहिनी विचारत होत्या. मी म्हटलं, विचारून सांगतो. तेव्हा विचारतो आहे.